मोटर सुरू होते, पण पाणी टिकतंय का?



आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कोणता असेल असं तुम्हाला वाटतं? भांडवल कुठून आणू? जीएसटी लागेल का? नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा असतो: "सर, सुरुवात एकदम जोरात झाली होती. पण दीड-दोन महिन्यांत जोर गेला. आता परत सुरू करायचं म्हटलं की अंगावर येतं."

हा प्रश्न विचारणारे आळशी नसतात. पापड-मसाला करणाऱ्या ताई असतात, मोबाइल रिपेअरिंग शिकून आलेले भाऊ असतात, घरी ब्लाउज शिवणाऱ्या असतात, नोकरी सांभाळून संध्याकाळी काहीतरी उभं करू पाहणारे असतात. पहिले पंधरा दिवस ते रात्रीचा दिवस करतात. बोर्ड लागतो, स्टेटस पडतात, पाहुणेरावळे पहिली ऑर्डर देतात. मग पाहुणे संपतात, पाऊस लागतो, घरात लग्न निघतं, एखादा आठवडा बंद पडतो. त्या आठवड्याचा महिना होतो. कर्जाचा हप्ता मात्र बंद पडत नाही आणि घरचे म्हणायला लागतात, "बघ, आम्ही सांगत होतो, नोकरीच बरी."

आज आपण हाच विषय घेऊ. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

दोन वेगळे बिघाड

माझं दुकान पाइप-फिटिंग आणि इलेक्ट्रिकलचं आहे, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो. आता बोअरमुळे सबमर्सिबल आल्या, पण विहिरीवर, नदीकाठी अजूनही काठावर बसणारी मोटर असते. या मोटरला नुसतं बटण दाबून चालत नाही. आधी पाइपात आणि पंपात पाणी भरावं लागतं. आत हवा राहिली की मोटर फिरते, आवाज करते, पण पाणी काही उचलत नाही.

पाइपाच्या खालच्या टोकाला, पाण्यात बुडलेला, एक फूट व्हॉल्व्ह असतो. काही गिऱ्हाइकं दुकानात येऊन त्याला "फुटबॉल द्या" असंही म्हणतात. त्याचं काम साधं आहे: पाणी वर जाऊ द्यायचं, पण मोटर बंद झाल्यावर खाली येऊ द्यायचं नाही. तो चांगला असेल तर रात्री लाइट गेली तरी पाइप भरलेला राहतो. लाइट आली, बटण दाबलं, पाणी चालू. तो गळका असेल तर रोज सकाळी कळशीने पाणी भरत बसा.

आता बघा, गिऱ्हाईक येऊन काय म्हणतं? "मोटरमध्ये दम नाही, मोठी मोटर द्या." बऱ्याच वेळा मोटर ठीकच असते, गळती खाली असते.

ध्येयाचंही तसंच आहे. जोर गेला की आपण मोठी मोटर शोधतो. आणखी एक मोटिव्हेशनचा व्हिडिओ, आणखी एक कोर्स, आणखी एक नवीन धंदा. चार दिवस परत पाणी येतं, कारण परत कळशीने भरलेलं असतं. पण रोज रोज भरणारा माणूस दमतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गती ही उत्साहावर टिकत नाही. थांबायची वेळ आली तरी केलेलं काम मागे घसरणार नाही, एवढी सोय करून ठेवली की गती टिकते. थांबावं तर प्रत्येकालाच लागतं. प्रश्न असा आहे, की थांबल्यावर तुम्ही शून्यावर जाता का?

आपल्या दारातलं उदाहरण

यासाठी अमेरिकेतल्या गॅरेजची गोष्ट सांगायची गरज नाही. कुंडलहून जवळच किर्लोस्करवाडी आहे. रोज तिथून रेल्वे पकडणाऱ्या कितीतरी मुलांना माहीत नसतं, की या स्टेशनचं जुनं नाव "कुंडल रोड" होतं. तिथे कारखाना आला, वसाहत उभी राहिली आणि नाव बदललं.

हे करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांचं आयुष्य आपण नेहमी "मोठे उद्योगपती" म्हणून वाचतो आणि तिथेच चुकतो. त्यांचं आयुष्य "थांबायला भाग पाडलेला माणूस" म्हणून वाचा, मग ते तुमच्या कामाला येईल. कारण त्यांना एकदा नाही, अनेकदा थांबावं लागलं.

पहिला थांबा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं, की त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. चित्रकाराला रंग कळत नसतील तर संपलंच की! पण त्यांनी हातातली रेषा सोडली नाही. चित्रकला सोडून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. ध्येय बदललं, पण कमावलेलं कौशल्य वाया गेलं नाही.

दुसरा थांबा. नोकरीत डावललं गेल्यावर ते बेळगावला आले. किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान तिथे होतं. कंपनी आपली सुरुवात 1888 सालापासून मोजते ती या दुकानामुळे. सायकलवरून ते चारा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. नांगर चांगला होता, पण शेतकरी घेईना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी तेव्हा समजूत होती. तुमच्या मसाल्याला कोणी नावं ठेवली तर वाईट वाटतं ना? इथे तर माल बघायच्या आधीच लोक म्हणत होते की याने शेत नासेल. नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षं लागली, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. दोन वर्षं! आपण दोन महिन्यांत बोर्ड उतरवतो.

तिसरा थांबा. कारखाना बेळगावात चालू लागला आणि तिथल्या नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितली. साल 1910. जागा गेली म्हणजे भट्टी गेली, शेड गेली, गिऱ्हाइकाचा पत्ता गेला. त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन मिळाली, भांडवलासाठी कर्ज मिळालं. जमीन कशी, तर निवडुंग आणि नाग यांनी भरलेला माळ. लक्ष्मणराव तिथे आले ते सुमारे 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन.

इथे जरा थांबून विचार करा. बेळगावहून निवडुंगाच्या माळावर नक्की काय आलं? इमारत आली नाही. आली ती माणसं, हातातली कला, आणि नांगर कसा करायचा याची पक्की झालेली पद्धत. शेड नसली तरी एवढं हातात असेल, तर माळावर पहिल्या दिवशी तुम्ही शून्यावर नसता. हाच त्यांचा फूट व्हॉल्व्ह.

चौथा थांबा. पहिलं महायुद्ध लागलं आणि लोखंड-कोळसा मिळणं अवघड झालं. नांगराच्या कारखान्यात लोखंड नाही म्हणजे मसाल्याच्या धंद्यात मिरची नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफांचं लोखंड नांगरासाठी दिलं, ही गोष्ट आपल्याकडे आजही अभिमानाने सांगितली जाते. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी या माळावरून एक मासिकही सुरू झालं, तेच पुढे "किर्लोस्कर" म्हणून घरोघरी वाचलं गेलं. आणि 1926 मध्ये याच वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. आपल्या विहिरींवरच्या मोटरी त्याच जातीच्या.

सायकल ते पंप, मधे कितीतरी थांबे. प्रत्येक थांब्यावर जुन्यातलं काहीतरी पुढे नेलंय. तुमच्या वहीत हे एक वाक्य लिहून ठेवा: "थांबलो तर काय हातात राहील?"

गळती कुठे होते

आता आपल्या छोट्या धंद्याकडे येऊ. मी बघतो त्यात साधारण पाच ठिकाणी गळती असते.

पहिली गळती म्हणजे यशाची तारीख ठरवणं. "दिवाळीपर्यंत महिन्याला पन्नास हजार." ठीक आहे, पण गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत येईल का, हे तुमच्या हातात नाही. दिवाळी गेली, आकडा आला नाही, की मन म्हणतं "फेल गेलो". तारीख कामाची ठरवा. किती घरांत नमुना देणार, किती दुकानदारांना भेटणार, कधी भेटणार.

दुसरी गळती म्हणजे "करीन तर पूर्ण, नाहीतर नाही". शंभर पाकिटं करायची होती, घरात पाहुणे आले, वेळ नाही, म्हणून एकही केलं नाही. दुसऱ्या दिवशी दोनशेचं ओझं डोक्यावर. तिसऱ्या दिवशी बघायलाही नको वाटतं.

तिसरी गळती म्हणजे घरचा आणि धंद्याचा गल्ला एक असणं. चांगल्या आठवड्यात आलेले पैसे किराण्यात जातात, फीमध्ये जातात. पुढच्या आठवड्यात कच्चा माल आणायला पैसे नसतात. माणूस म्हणतो "इच्छाच राहिली नाही". इच्छा असते हो, खेळतं भांडवल राहिलेलं नसतं.

चौथी गळती आपल्या भागाची खास आहे. इथे पैसा नळासारखा रोज येत नाही, कॅनॉलच्या पाण्यासारखा पाळीने येतो. उसाचं बिल जमा झालं, द्राक्षाचे पैसे आले, की बाजारात गर्दी. मधले महिने सगळं वहीवर. नवीन माणूस चांगल्या महिन्यात दुकान काढतो, त्यालाच नेहमीचा धंदा समजतो आणि आषाढ लागला की घाबरतो. मंदी आली म्हणजे आपला धंदा बुडाला असं नाही. हंगाम ओळखायला निदान एक पूर्ण वर्ष जावं लागतं.

पाचवी गळती म्हणजे सगळं एकट्याच्या डोक्यात असणं. माप फक्त ताईंना माहीत, गिऱ्हाइकांचे नंबर फक्त त्यांच्या मोबाइलमध्ये. ताई आजारी पडल्या की धंदा आजारी.

या पाचव्या मुद्द्याला कुंडलच्या मातीतच उत्तर आहे. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या प्रतिसरकारचं कुंडल हे मोठं केंद्र. 1942 ची चळवळ बऱ्याच ठिकाणी नेते पकडले गेल्यावर मंदावली, इथे ती वर्षानुवर्षं चालली. कारण काम वाटलेलं होतं. न्यायनिवाड्याचं काम वेगळं, तुफान सेना वेगळी, गावोगावी माणसं वेगळी. कुंडलच्याच जी. डी. बापू लाडांसारखे तरुण त्यात पुढे होते. त्यांनी जिवावर उदार होऊन जे केलं त्याची आपल्या धंद्याशी बरोबरी होत नाही. पण एवढा धडा नक्की घ्या: एक माणूस नसला तरी काम चालेल अशी मांडणी असेल, तरच ते काम टिकतं.

व्हॉल्व्ह कसा बसवायचा

आता कामाचं बोलू. वही-पेन घ्या. मोबाइलमध्ये नाही, वहीतच.

एक. ध्येयापासून रोजच्या आकड्यापर्यंत या. मसाल्याचं उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका. पाकीट विकता 120 रुपयांना. कच्चा माल 68, पॅकिंग 9, दळण-वाहतूक 13, म्हणजे खर्च 90. एका पाकिटामागे उरतात 30 रुपये. महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे कर्जाचा हप्ता, फोन, लाइट वगैरे मिळून 3,000. मग फक्त बरोबरीला यायला महिन्याला 100 पाकिटं लागतात. 26 दिवस धरले तर रोज साधारण 4. आता बघा, "मला मोठी उद्योजिका व्हायचंय" हे ओझं वाटतं, "आज चार पाकिटं" हे वाटत नाही.

दोन. त्यातलं स्वतःच्या हातातलं काम वेगळं काढा. चार पाकिटं विकली जाणं हे गिऱ्हाइकाच्या हातात. तीन नवीन घरांत चमचाभर मसाल्याची पुडी देणं तुमच्या हातात. रोज तीन म्हणजे महिन्याला 78 घरं. त्यातल्या दहातल्या एकाने जरी घेतलं, तरी महिन्याला सात-आठ नवीन गिऱ्हाइकं जोडली जातात. हे छोटं दिसतं, पण बारा महिने धरून बघा.

तीन. किमान काम ठरवा. वाईटात वाईट दिवशी, ताप असताना, घरात कार्य असताना सुद्धा दहा मिनिटांत होईल एवढं. एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन. एका उधारीची आठवण. आजचा जमाखर्च लिहिणं. या दिवशी पैसे येणार नाहीत, पण पाइप रिकामा होणार नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही "परत सुरू" करत नाही, "पुढे चालू" ठेवता. या दोन शब्दांत खूप फरक आहे, करून बघा.

चार. सलग दोन दिवस सोडायचे नाहीत. एक दिवस सुटला, सुटू दे, आपण माणसं आहोत. दुसऱ्या दिवशी निदान किमान काम करायचंच. एका दिवसाने काही बिघडत नाही, पण न करायची सवय दुसऱ्या दिवसापासून लागते.

पाच. वेळ बांधा. आमच्या पलूस तालुक्यातच भिलवडी आहे. तिथे 1939 मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा व्यवसाय उभा केला. आज चितळे हे नाव जगभरच्या मराठी घरांत आहे. दुधाचा धंदा शिस्त शिकवतो, कारण दूध थांबत नाही. म्हैस रविवार मानत नाही, सणवार मानत नाही, दोन वेळा धार काढावीच लागते, आणि दूध वेळेत गेलं नाही तर नासतं. पुन्हा भिलवडीलाही स्टेशन आहे, आणि रेल्वे आपल्यासाठी थांबत नाही. अशा धंद्यात "मूड आला की करू" हे शक्यच नाही. तुमचा माल नासणारा नसेल, तर तुमच्यावर हा दाब नाही आणि म्हणूनच तो तुम्हाला स्वतः तयार करावा लागतो. "संध्याकाळी वेळ मिळाला की" असं नाही, "रोज साडेचार ते साडेपाच" असं. आणि ते घरात सगळ्यांना सांगा, म्हणजे त्या तासात कोणी चहा टाकायला हाक मारणार नाही. निदान कमी मारतील.

सहा. मंदीची यादी चांगल्या महिन्यातच करून ठेवा. आमच्या दुकानात उन्हाळ्यात पाइप-फिटिंगला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि पाऊस लागला की विक्री उतरते. ती उतरणार हे माहीत असतं. म्हणून पावसाळ्यासाठी कामं राखून ठेवलेली असतात: स्टॉक मोजणं, पडून राहिलेला माल वेगळा काढणं, उधारीच्या घरी स्वतः जाऊन भेटणं, पुढच्या हंगामाचे दर आत्ताच विचारून ठेवणं. व्हिडिओही जास्त त्याच दिवसांत तयार होतात. विक्री कमी असते, पण हात रिकामे नसतात. शिवणकाम करणाऱ्या ताई लग्नसराई संपली की मापांची वही नीट करू शकतात, उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून बघू शकतात. तुमच्या धंद्याची अशी पाच कामं आजच लिहा.

सात. दोन डबे. घरी दोन वेगळे डबे ठेवा, किंवा बँकेत दोन खाती. धंद्याच्या डब्यातून घरासाठी ठरलेलाच "पगार" घ्यायचा, तोही ठरलेल्या तारखेला. कमी असला तरी चालेल. कच्च्या मालाचे पैसे त्या डब्यातून हलणार नाहीत, हा नियम घरातल्या कर्त्या माणसासमोर एकदा बोलून घ्या. बोलायला अवघड आहे, माहीत आहे. पण हप्ता थकल्यावर बोलणं त्याहून अवघड असतं.

आठ. एक माणूस तयार करा. बहीण, मुलगा, शेजारीण, कोणीही. माप, गिऱ्हाइकांचे नंबर आणि ऑर्डरची वही त्यांना वाचता आली पाहिजे. तुम्ही आठ दिवस अंथरुणात असलात तरी निदान आलेला फोन "ताई बऱ्या झाल्या की माल देतील" असं म्हणून उचलला गेला पाहिजे. न उचललेला फोन दुसऱ्या दुकानात जातो.

पण चिकाटी आणि हट्ट यात फरक काय?

हे सांगितलं नाही तर लेख अर्धवट राहील. "टिकून राहा, टिकून राहा" असं सांगणं सोपं असतं. घर गहाण टाकून टिकून राहिलेली माणसंही आहेत, आणि त्यांना कोणी वेळेवर "थांब" म्हटलं नाही. लक्ष्मणरावांना नांगरासाठी दोन वर्षं लागली म्हणून तुम्हीही तोट्यात दोन वर्षं काढा, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. त्यांनीही रंग दिसत नाहीत म्हटल्यावर चित्रकलेचा हट्ट धरला नाही.

मग ओळखायचं कसं? दर तीन महिन्यांनी वहीत तीन आकडे बघा.

पहिला आकडा: एका नगावर खरंच किती उरतात? स्वतःचे श्रम धरून. उत्तर वजा असेल तर जास्त विकून तोटा जास्त होणार. इथे चिकाटी उपयोगाची नाही. आधी भाव, माप किंवा खर्च बदला. तोपर्यंत नवीन माल करू नका.

दुसरा आकडा: परत आलेली गिऱ्हाइकं किती? पाहुणे सोडून. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागणारी माणसं हळूहळू वाढत असतील, तर तुमचा धंदा हळू आहे, पण जिवंत आहे. त्याला वेळ द्या. नवीन येतात पण परत कोणीच येत नाही, असं असेल तर मालाकडे बघा आणि न आलेल्यांना जाऊन विचारा. खरं सांगतील ते ऐका.

तिसरा आकडा: अजून किती महिने हप्ता भरू शकता, घरातलं सोनं किंवा मुलांची फी न मोडता? हा आकडा सुरुवातीलाच ठरवून कागदावर लिहा, सही करा, घरात दाखवा. समजा मुद्राच्या शिशु गटातून 50,000 घेतलेत आणि हप्ता महिन्याला 1,700 च्या आसपास येतोय. तर निदान सहा हप्ते, म्हणजे दहा हजारांच्या वर रक्कम, बाजूला असल्याशिवाय मोठा स्टॉक भरू नका. ही रक्कम असली की मंदीच्या महिन्यात रात्री झोप लागते, आणि झोप लागली की सकाळी किमान काम होतं. गती अशीच टिकते, त्यात जादू काही नाही.

तिन्ही आकडे सलग दोन वेळा वाईट आले, तर धंदा बदला. पण बदलताना कुंडल रोडचा माळ आठवा. काय सोबत नेणार? गिऱ्हाइकांची यादी, शिकलेलं कौशल्य, पुरवठादाराशी असलेला विश्वास, वेळेवर फेडलेल्या हप्त्यांमुळे बँकेत झालेलं नाव. मसाला बंद करून डबे सुरू करणाऱ्या ताई शून्यापासून सुरू करत नाहीत, त्यांच्याकडे चव ओळखणारी घरं आधीच असतात. कर्ज बुडवून, फोन बंद करून धंदा सोडणाऱ्याला मात्र पुढचा धंदा खरंच शून्यापासून काढावा लागतो, किंवा त्याच्याही खालून.

या आठवड्याचं काम

वाचून झालं, आता करायचं. फक्त तीन गोष्टी.

आज रात्री जेवणानंतर एका पाकिटाचा, एका ब्लाउजचा, एका रिपेअरचा हिशोब मांडा आणि तुमचा रोजचा आकडा काढा. उद्या तुमचं दहा मिनिटांचं किमान काम ठरवा आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ लिहा. केलं त्या दिवसावर फुली मारा. आणि रविवारी घरच्यांसोबत बसून त्यांना तिसरा आकडा सांगा: किती महिने, किती रुपये. घरच्यांचा विरोध बऱ्याच वेळा धंद्याला नसतो, "हे कुठवर चालणार" या भीतीला असतो. आकडा सांगितला की भीतीला एक हद्द पडते.

ज्यांनी अजून उद्यम नोंदणी केलेली नाही त्यांनी तीही करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, त्यासाठी कोणाला हजार-दोन हजार द्यायची गरज नाही.

पुढच्या व्हिडिओत आपण उधारीवर बोलणार आहोत. गिऱ्हाईकही तुटणार नाही आणि पैसेही येतील, असं कसं करायचं ते बघू. तोपर्यंत कॅलेंडरवर निदान सात फुल्या पडू द्या. एखादी सुटली तर सुटू दे, लगेच पुढची मारा.

चला, भेटू.